जामनेरचा लंगडा पाहुणा

अजिंठ्याची लेणी पाहण्यास निघालेला प्रवासी बहुधा जळगाव स्थानकावर उतरतो आणि नेरी, पहूर ही गावे मागे टाकीत फर्दापुरास पोहोचतो. ह्या वाटेच्या डाव्या अंगास, हमरस्त्यापासून थोडे आत, कांग नदीच्या काठी जामनेर नावाचे तालुक्याचे गाव आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यास दोष तरी कसा द्यावा? कापसाचा व केळीचा व्यापार, तालुक्याची कचेरी, शाळा, देवळे आणि बाजार असा चारचौघांसारखा आमच्या गावचा संसार आहे. ह्या गावात मी आयुष्यभर मास्तरकी केली. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. संस्कृत तेवढे वडिलांपाशी बसून शिकलो. गावातील प्रत्येक आळी मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. परंतु निवृत्तीनंतर एका लंगड्या कुत्र्याच्या संगतीने सहा महिने ह्याच वाटांनी चाललो, तेव्हा ती समजूत किती पोकळ होती हे कळून आले. त्या सहा महिन्यांची ही हकीकत आहे.

वैशाखातील गोष्ट. खानदेशचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांस त्याचे वर्णन नको, आणि ज्यांनी भोगला नाही त्यांस ते खरे वाटणार नाही. सकाळी दहालाच रस्ते ओस पडतात. अशा एका सकाळी दूध घेऊन परतत असता पहूरच्या रस्त्याच्या कडेला एक कुत्रा पडलेला दिसला. रात्री केव्हातरी कुठल्याशा मोटारीने त्याला उडविले असावे. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते, मांडीच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या, आणि पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत तो बाभळीच्या सावलीकडे सरकू पाहत होता. सावली चार हातांवर होती. मी उभा राहिलो तेवढ्या वेळात तो एक वीतभर सरकला. खरे सांगावयाचे तर मी पुढे निघून गेलो होतो. वीस पावले गेल्यावर मागे वळून पाहिले, तेव्हा तो अजूनही सरकतच होता. मग मात्र पाय पुढे उचलेना.

जखमी जनावर उचलण्याचीही एक रीत आहे, आणि ती प्रत्येक घरात माहीत असावी म्हणून येथे सांगतो. वेदनेने कासावीस झालेला कुत्रा मायाळू असला तरी चावतो. म्हणून प्रथम मऊ फडक्याने त्याचे तोंड हलकेच बांधावे, श्वास मात्र मोकळा राहील असे पाहावे. त्यास हातापायांना धरून लोंबकळत उचलू नये. फळीवर अथवा ताणून धरलेल्या गोणपाटावर सरकवून घ्यावे, म्हणजे मोडलेले हाड अधिक मोडत नाही. आपल्या औषधांच्या डब्यातील वेदनाशामक गोळ्या तर चुकूनही देऊ नयेत. माणसाला उतार देणाऱ्या त्यांतील कित्येक गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेततात. हे सारे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. माझा जुना विद्यार्थी असलेला एक रिक्षावाला देवासारखा धावून आला आणि त्यानेच गोणपाट आणले. गुरांच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी जखम धुऊन अळ्या काढल्या; पुढे जळगावी क्ष-किरणांचे चित्र काढविले. कमरेचे हाड दोन ठिकाणी मोडले होते, पण पाठीचा कणा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा उठेल. पण सहा आठवडे ह्याला हलू द्यायचे नाही, आणि रात्रंदिवस कोणीतरी करायला हवे. आहे का असे कोणी?"

असे कोणी म्हणजे मीच होतो. प्रश्न घरचा होता.

आमचे एकत्र कुटुंब आहे. थोरले बंधू अण्णा, वहिनी, आम्ही उभयता, दोन मुलगे, सुना, चार नातवंडे, आणि ह्या सर्वांच्या वर नव्वदीला टेकलेल्या आत्याबाई. आत्याबाईंचे सोवळे अद्याप कडकडीत आहे. धाकट्या सूनबाईंना तेव्हा दिवस गेले होते. अशा घरात रक्तबंबाळ कुत्रा घेऊन आलेल्या माणसाचे स्वागत कसे होईल ते वाचकांनीच ताडावे. नामदेवरायांची भाकरी घेऊन कुत्रा पळाला तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आमच्या घरी कीर्तनातून शंभर वेळा ऐकली गेली आहे आणि प्रत्येक वेळी आम्ही माना डोलाविल्या आहेत. परंतु कथेतला कुत्रा ओसरीवर येऊन निजत नाही, हा त्याचा मोठाच गुण म्हणावयाचा!

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मागच्या अंगणातील गोठा रिकामा आहे, तिथे ठेव. पण दसऱ्यापर्यंत. घरात म्हातारे माणूस आहे, बाळ यायचे आहे. बरा झाला की त्याचा ठिकाणा तू शोधायचास. कबूल?" मी कबूल केले. अण्णांचे बोलणे कठोर नव्हते. कुटुंब चालविणाऱ्याला जे पाहावे लागते तेच त्यांनी पाहिले. त्या क्षणी दसरा मला फार दूर वाटला.

पहिले सहा आठवडे म्हणजे एक तपश्चर्याच होती. सोडवत सोडवत दिलेले पाणी, औषधाच्या वेळा, जखम धुणे, माश्या वारणे, घाण काढणे. दूधभाकरी म्हणजे कुत्र्याचे पक्वान्न असे आपण समजतो. परंतु पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ताकभात, अंडे व शिजविलेले मांस देणे आले. शेवटल्या दोन वस्तू आमच्या स्वयंपाकघरात येणे अशक्य. त्या रिक्षावाल्याच्या घरून डब्यात येत आणि परस्पर गोठ्यात जात. सौभाग्यवतींनी त्या डब्याकडे सहा महिने एकदाही पाहिले नाही, पण तो यायला उशीर झाला की "अहो, डबा आला नाही अजून" असे त्याच मला सांगत.

आठव्या दिवशी आत्याबाई काठी टेकीत मागच्या दारापर्यंत आल्या. गोठ्यापासून दहा हात लांब उभ्या राहून त्यांनी कुत्र्याकडे पाहिले आणि विचारले, "कूस बदलतोस का त्याची?" मी म्हटले, "सकाळ-संध्याकाळ बदलतो." त्या म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ काय करायचे आहे? दर तीन तासांनी बदल. नाहीतर पाठीला जखमा पडतील." दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंचे खुब्याचे हाड मोडले होते आणि त्या चार महिने अंथरुणावर होत्या. तेव्हा त्यांची कूस बदलण्यास आम्हा पुरुषांपैकी कोणीही रात्रीचे उठलो नव्हतो. ते सारे वहिनींनी व सुनांनी केले होते. आत्याबाई एवढेच बोलून परत गेल्या. मी मात्र त्या रात्री गजराचे घड्याळ उशाशी घेऊन गोठ्याशेजारी बाज टाकली. अपंगाचे करणे म्हणजे काय, हे मी साठी उलटल्यावर एका कुत्र्याकडून शिकत होतो.

दुपारी त्याच्यापाशी बसून मी पोथ्या-पुस्तके चाळीत असे. अनाथ जनावरांची सोय लावण्याची कल्पना आपल्या देशात नवी नाही. अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची तशीच पशूंची चिकित्सा चालू केल्याचे कोरून ठेविले आहे. आपल्या मुंबईचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी हुकमाने तेथे मोकाट कुत्री मारणे सुरू झाले. तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद झाली, गोऱ्यांच्या घरची रसद अडली, दंगल झाली. दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई व गुजराती व्यापारी मंडळी ह्यांनी मुंबईचा पांजरापोळ स्थापन केला. पुढे त्याच शतकाच्या उत्तरार्धात परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, ते आजही चालू आहे. १९६० च्या कायद्याने तर प्राण्यास क्रूरतेने वागविणे हा अपराधच ठरविला. परंतु इस्पितळे व कायदे शहरांत असतात. तालुक्याच्या गावी, रस्त्याच्या कडेला, भर उन्हात जे जनावर पडते त्याचे इस्पितळ म्हणजे कोणाचा तरी रिकामा गोठाच होय.

आषाढ लागला आणि डॉक्टरांनी पायांची हालचाल करविण्यास सांगितले. दिवसातून चार वेळा त्याचा पाय हातात धरून हलकेच दुमडावयाचा व सरळ करावयाचा. एके दिवशी माझा हात जरा जोराने पडला आणि त्याने माझ्या पंजाचा कडकडून चावा घेतला. घरात एकच हलकल्लोळ झाला. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाने तत्काळ दवाखान्यात नेले. कुत्र्याला लस टोचलेली होती, तरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मीही सर्व सुया पुऱ्या करून घेतल्या. कारण पिसाळण्याची लक्षणे एकदा दिसू लागली म्हणजे बहुतेक कोणाचाच इलाज चालत नाही. १८८५ साली पाश्चरने एका लहान मुलास पहिल्याने ती लस टोचली, तेव्हापासून वेळेवर आलेला माणूस ह्या रोगाने दगावण्याचे कारण उरलेले नाही. दगावतो तो हयगय करणाराच.

रात्री अण्णा म्हणाले, "आता पुरे झाले. उद्या त्याला पोहोचवून ये कुठेतरी." मजपाशी उत्तर नव्हते. तोच माजघरातून आत्याबाईंचा आवाज आला, "अण्णा, माझा पाय सरळ केला तेव्हा मीही चावले असते. दात नव्हते म्हणून डॉक्टर वाचले." सगळे घर हसले, अण्णाही हसले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

श्रावणात त्याने प्रथम जमिनीवर चारी पाय टेकले. माझे जुने उपरणे त्याच्या पोटाखालून घालून दोन्ही टोके हातात धरीत असे, म्हणजे मागच्या अंगाचा भार मजवर येई. ह्या थाटात आमची वरात निघे. आमच्या घरापासून कांगेच्या पुलापर्यंत जाण्यास पूर्वी मला पाच मिनिटे लागत. आता अर्धा तास लागे. पाच मिनिटांत जे गाव दिसत नाही ते अर्ध्या तासात दिसते. कोणत्या ओट्यावर म्हातारी एकटीच बसते, कोणत्या हौदात गुरांसाठी पाणी भरलेले असते व कोणत्या रिकामा असतो, कोणत्या दुकानदाराने पायरीपाशी भाकरीचा तुकडा टाकण्याचा नेम धरला आहे, हे मला चाळीस वर्षांत कळले नव्हते. माणसे थांबत, विचारपूस करीत. कोणी हसतही. "मास्तर, निवृत्तीनंतर बरा विद्यार्थी मिळाला!" असे एकाने म्हटले. मी म्हटले, "धडा गिरवण्याचा कंटाळा करीत नाही, एवढे खरे."

पुलाच्या खालच्या अंगास, जेथे पाणी गुडघाभर व संथ असे, तेथे मी त्यास उभा करीत असे. पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि दुबळे पाय न भिता हालतात. ही युक्ती डॉक्टरांची. वर घाटमाथ्याकडे आभाळ भरलेले दिसले की आम्ही पाण्यात उतरत नसू, कारण कांगेचा पूर सांगून येत नाही. पोळ्याच्या दिवशी सजविलेले बैल पुलावरून वाजतगाजत गेले, आणि त्याच दिवशी खाली पाण्यात माझ्या पाहुण्याने उपरण्याच्या आधाराविना सात पावले टाकली. मी ती मोजली.

ह्या फेऱ्यांत एक वाईट गोष्टही घडली. काही मुलांनी त्याला दगड मारले. मी रागावलो नाही. त्यांना पारावर बसवून महाभारताची सुरुवात सांगितली. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचा पोर आला. त्याने हविर्भागास तोंड लावले नव्हते, नुसते पाहिलेही नव्हते. तरी राजाच्या भावांनी त्यास झोडपले. तेव्हा ती कुत्री यज्ञमंडपात येऊन राजाला विचारती झाली, की माझ्या लेकराचा अपराध काय? आणि साऱ्या यज्ञमंडपास उत्तर देता आले नाही. लक्षश्लोकी महाभारताच्या आरंभी मार खाल्लेला कुत्रा आहे आणि अखेरीस युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारी पोहोचलेला कुत्रा आहे. मुले गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्यांतलाच एक भाकरी घेऊन आला. त्याला नाव द्यावयाचे नाही असे मी ठरविले होते, कारण नाव दिले की मन गुंतते. ते काम ह्या मुलांनी परस्पर उरकले. त्यांनी त्याचे नाव 'पीजे' ठेविले.

हे नाव बाहेरच्यांस उमगणार नाही. पाचोरा ते जामनेर अशी अडीच फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी आमच्या गावी शंभर वर्षे येत होती. तिला सगळा मुलूख 'पीजे' म्हणे. छप्पन्न किलोमीटरच्या वाटेत शेंदुर्णी, पहूर करीत, डुलत, थांबत ती येई. तिच्या संथपणाच्या थट्टा करण्यातच आमचे बालपण गेले. मार्च २०२० मध्ये महामारीच्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या अरुंद रुळांवरून पुन्हा धावली नाही. पुढे मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याचे काम मंजूर झाले. आमचा पाहुणा तिच्यासारखाच डुलत, थांबत चाले. भाद्रपदात आम्ही जुन्या स्टेशनापर्यंत जाऊ लागलो. तेथे तो धापा टाकीत बसे आणि मी त्याच्याजवळ बसे. गाडी येत नसे. पण आम्हा दोघांना घाईही नसे.

आश्विन उजाडला. पीजे आता उपरण्याविना चालत होता. उजवा मागचा पाय जरा ओढीत असे, तेवढी खूण राहिली ती राहिली. नसबंदी झाली, लशी झाल्या. अण्णांनी एका शब्दाने आठवण दिली नाही, आणि तेच मला जड गेले. त्यांनी विचारले असते तर मी विनवणी केली असती. न विचारता ते माझ्या शब्दाची वाट पाहत होते.

त्या दिवसांत दोन कथा माझ्या मनात भांडत. युधिष्ठिराने आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडले नाही, स्वर्गही नाकारला, म्हणून तो धन्य झाला. भागवतातील भरत राजानेही नदीत वाहून चाललेले हरिणाचे पाडस उचलले, वाढविले, आणि सोडले नाही. पण त्याच आसक्तीपायी त्याला पुढचा जन्म हरिणाचा घ्यावा लागला. दोघांनी एकच गोष्ट केली. मग एक तरला आणि दुसरा बुडाला, हे कसे? शाळेत मुलांना मी ह्या दोन्ही कथा वर्षानुवर्षे सांगितल्या, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. स्टेशनाच्या ओट्यावर बसलो असता मला उत्तर सुचले ते असे. युधिष्ठिराला कुत्रा सोडावा लागत होता तो स्वतःच्या लाभासाठी. म्हणून त्याने सोडला नाही. भरताने हरिण धरून ठेविले ते स्वतःच्या सुखासाठी. पाडसाला त्याची गरज उरली नव्हती, त्यालाच पाडसाची गरज होती. पीजेला गोठा नको होता, मोकळे रान हवे होते. गोठ्यात तो हवा होता तो मला.

विजयादशमीस लोक सीमोल्लंघन करतात. आम्ही पहूर ओलांडून वाकोदच्या बाजूस, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावर गेलो. त्याच्याकडे केळीची बाग, विहीर आणि राखणीस माणूस होता. पीजेला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, मले द्या हा. लंगडा असला तर असू द्या, माह्या बापाचाबी एक पाय तसाच व्हता, पण शेत त्यानंच राखलं." निघताना मी मागे पाहिले नाही. वैशाखात मागे वळून पाहिले म्हणून तो मला लाभला होता. आता न पाहणे हेच त्याच्या हिताचे होते. घरी आलो तेव्हा गोठा झाडून ठेविलेला होता आणि आत्याबाई मागच्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "विहिरीला कठडा आहे ना?" आहे म्हणून सांगितल्यावर त्या आत गेल्या.

दिवाळीत, नरक चतुर्दशीच्या दिवशी, मी शेतावर गेलो. नेपाळात ह्याच दिवसांत कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून त्यांस गोडधोड चारतात. आपल्याकडे बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे. कुत्रा दत्ताच्या पायांशी आणि खंडोबाच्या सोबत आहे, पण त्याचा असा सण नाही. मी आपले दोन अनारसे खिशात नेले होते. त्या शेतापासून अजिंठ्याचे डोंगर दिसतात. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तेथे शिकारीसाठी हिंडत असता त्याला लेणी आढळली. प्राण घेण्यास आलेल्या त्या मनुष्याभोवती भिंतींवर जातककथांची चित्रे होती. स्वतःला मारण्यास आलेल्या व्याधाला आपले सुळे देऊन टाकणारा षड्दंत हत्ती त्यांत आहे. तेथूनच निघालेली वाघूर आमच्या तालुक्यातून वाहत तापीस मिळते.

पीजे बांधावरून डुलत आला. त्याने माझा हात हुंगला. चाव्याचा वण होता तेथे दोनदा चाटले. अनारसा खाल्ला. माझ्या पायांशी घटकाभर बसलाही. इतक्यात केळीच्या बागेतून मालकाने हाक मारली, तसा तो उठला आणि एक पाय ओढीत, मागे न पाहता, त्या हाकेच्या दिशेने निघून गेला. माझ्या मनाला एक चुटपुट लागली हे मी लपवीत नाही. मग उरलेला अनारसा राखणदाराच्या हाती देऊन मी घरचा रस्ता धरला. घरी पंधरा दिवसांचे बाळ होते, आणि आत्याबाईंची रात्रीची कूस बदलण्याची पाळी त्या दिवसापासून मी आपल्याकडे मागून घेतली.